खाड्यांचा हिशेब

परवा रात्री नातीचा फोन आला. ती पुण्याला बी.बी.ए.च्या पहिल्या वर्षाला आहे. एरवी तिचा फोन म्हणजे "आबा, जेवलात का, गोळ्या घेतल्या का" एवढाच. पण परवा बाईसाहेब खुशीत होत्या.

"आबा, आमच्याकडे गणित आता ग्रुपमध्ये असतं. पाच-पाच जणींचे गट पाडलेत. प्रत्येक गटानं खराखुरा धंदा करायचा आणि त्यातूनच सरासरी, टक्केवारी, समीकरणं, ब्रेक-ईव्हन सगळं शिकायचं. एकदम नवी पद्धत आहे!"

मी म्हटलं, "अरे वा! मग तुम्ही कसला धंदा केलात?"

"भेळेचा स्टॉल. तीन दिवस. सगळ्या जणींनी सारखे पैसे घातले होते. खर्च वजा जाता सव्वीसशे रुपये नफा!"

आणि मग आवाज जरा खाली आला. अडचण अशी झाली होती की पाचांतली एक मुलगी पहिल्या दिवशी आली आणि पुढचे दोन दिवस तापानं पडून राहिली. आता नफा वाटायचा कसा? पाच सारखे वाटे केले तर प्रत्येकीला ५२० रुपये. कामाच्या दिवसांवर वाटला तर चौघींचे प्रत्येकी तीन दिवस आणि तिचा एक, असे तेरा दिवस होतात. दिवसाला २०० रुपये. म्हणजे चौघींना सहाशे-सहाशे आणि आजारी मुलीला दोनशे. गटात दोन तट पडले होते.

"आबा, तुम्ही मास्तर होतात. सांगा ना, याला सूत्र कुठलं लावायचं?"

मी म्हटलं, "दोन दिवस दे मला. विचार करून सांगतो."

खरं तर विचार करायला दोन दिवस लागणार नव्हते. हे गणित मी आधी एकदा सोडवलं होतं, आणि चुकवलंही होतं. नातीला फोनवर सगळं सांगणं जमलं नसतं, म्हणून इथं लिहितो आहे. तिलाही वाचायला देईन, आणि तुम्ही मंडळी तर आहातच.

पण त्याआधी त्या 'नव्या पद्धती'विषयी थोडं.

आमच्या लहानपणी पाटणच्या बाजूला गणित आणि धंदा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असं कुणाला वाटतच नसे. आम्ही शाळेत सुरात म्हणत असू ते पाढे नुसते दोन ते तीसचे नव्हते. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, आणि साडेतिनाची औटकी. आजच्या मुलांना औटकी हा शब्द सांगितला तर ती एखाद्या दागिन्याचं नाव समजतील. पण दुकानदारानं साडेतीन आणे शेर म्हणून सात शेर धान्य मोजलं, तर साडेचोवीस आणे, म्हणजे दीड रुपया आणि वर अर्धा आणा, हे आमची आजी दुकानदाराच्या आधी सांगायची. तिला अक्षरओळख नव्हती. मी पहिली-दुसरीत असताना, १ एप्रिल १९५७ ला, नवे पैसे आले. सोळा आण्यांच्या रुपयाचे शंभर पैसे झाले, मागून शेर-पायली जाऊन किलो-लिटर आले आणि हळूहळू पावकी-निमकी शाळेतून गेली. गणित सोपं झालं हे खरंच. पण त्याचबरोबर ते दुकानातून उठून वहीत जाऊन बसलं, असं मला नेहमी वाटतं.

पुढे इतिहासाचा मास्तर झाल्यावर कळलं की या बाजार-हिशेबाच्या गणितातूनच आपल्याकडचं एक फार मोठं माणूस घडलं. गोपाळ कृष्ण गोखले. आपण त्यांना नेमस्त पुढारी आणि गांधीजींचे गुरू म्हणून ओळखतो. पण गोखले आधी गणिताचे मास्तर होते. पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये आणि पुढे फर्ग्युसन कॉलेजात त्यांनी गणित शिकवलं, अंकगणिताचं पाठ्यपुस्तक लिहिलं आणि ते वर्षानुवर्षं शाळांमधून चाललं. मग त्यांनी इंग्रजी शिकवलं, इतिहास शिकवला, अर्थशास्त्र शिकवलं. जो विषय पुढे येईल तो घेतला. आमच्यासारख्या मास्तरांना हे ऐकून बरं वाटतं, कारण आमचीही तीच गत होती.

या अंकगणिताच्या मास्तरानं २६ मार्च १९०२ रोजी व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात अंदाजपत्रकावर भाषण केलं. सरकारच्या तिजोरीत शिल्लक पडत होती आणि सरकार म्हणत होतं, बघा, देशाची कशी भरभराट चालली आहे. गोखल्यांनी सरकारचेच आकडे सरकारपुढे मांडले. ही शिल्लक म्हणजे रयतेची भरभराट नव्हे, रयतेकडून गरजेपेक्षा जास्त कर घेतला जातो आहे म्हणून ती उरते, हा त्यांचा मुद्दा. मिठावरचा कर कमी करा, अशी त्यांची मागणी होती. पुढच्याच वर्षी, १९०३ साली, मिठावरचा कर मणाला अडीच रुपयांवरून दोन रुपयांवर आला. त्याला गोखले हेच एकमेव कारण होते असं मी म्हणणार नाही. पण शिल्लक दिसली की 'ही आली कुणाकडून?' असं विचारायचं, ही सवय मला त्या भाषणातून लागली. हा प्रश्न जरा लक्षात ठेवा, पुढे तो एका शाळकरी मुलीच्या तोंडून येणार आहे.

आता आपल्या जिल्ह्याकडे येतो. कर्मवीर भाऊराव पाटलांनी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली. १९२४ साली ती साताऱ्याला नेली. तिथं सगळ्या जातींच्या मुलांचं एकत्र बोर्डिंग सुरू केलं. १९२७ साली गांधीजींच्या हस्ते त्याचं 'श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस' असं नामकरण झालं. तिथली मुलं स्वतः स्वयंपाक करत, शेतात राबत, पाणी भरत. मुलांच्या जेवणाची सोय व्हावी म्हणून लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, अगदी मंगळसूत्रसुद्धा दिलं, ही गोष्ट आमच्याकडे घरोघरी सांगितली जाते. १९४७ साली साताऱ्याला छत्रपती शिवाजी कॉलेज निघालं, ते 'कमवा आणि शिका' या पायावर. १९५४ साली कराडला सद्गुरू गाडगे महाराज कॉलेज आलं. आणि आमच्या कोयनेच्या खोऱ्यातली, पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्या घरात कुणी मॅट्रिकचं तोंड पाहिलं नव्हतं अशी पोरं कॉलेजात जायला लागली.

'कमवा आणि शिका'कडे आपण श्रमाचं महत्त्व, स्वावलंबन या बाजूनं बघतो, ते बरोबरच आहे. पण आणखी एक बाजू आहे. ज्या बोर्डिंगात मुलंच धान्य आणतात, मुलंच शिजवतात, तिथं हिशेबही मुलांनाच ठेवावा लागतो. तो हिशेब म्हणजे पुस्तकातलं उदाहरण नव्हे. तो चुकला तर महिनाअखेरीला कुणीतरी उपाशी राहतं.

१९५५ साली पुण्याच्या गोखले संस्थेनं सातारा जिल्ह्यातल्या प्राथमिक शिक्षणावर धनंजयराव गाडगीळ आणि वि. म. दांडेकर यांचे अहवाल काढले. मुलं शाळेत येतात आणि मध्येच गळतात, किंवा त्याच इयत्तेत अडकून राहतात, त्याचा तो अभ्यास होता. दांडेकर तर जन्मानं साताऱ्याचेच. तो अहवाल मी फार उशिरा पाहिला. पाहिला तेव्हा वाटलं, त्या आकड्यांच्या रकान्यात कुठंतरी माझ्या बरोबरीची पोरं आहेत. पहिलीत आम्ही बरेच जण होतो. कॉलेजपर्यंत त्यांतला मी एकटा पोचलो.

असो. आता मुद्द्यावर येतो.

१९६७ साली मी कराडला बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होतो, मराठी माध्यमातून. वसतिगृहात राहत होतो. मेस मुलांनीच चालवायची. दर महिन्याला एक सेक्रेटरी. त्यानं बाजार करायचा, हजेरी ठेवायची आणि महिनाअखेरीला बिलं काढायची. मेसचे आम्ही ४० सभासद. हिशेबाची रीत वर्षानुवर्षं चालत आलेली. महिन्याचा एकूण खर्च काढायचा, सगळ्यांच्या हजेरीचे दिवस मिळवायचे, खर्चाला दिवसांनी भागायचं. निघेल तो दिवसाचा दर. जो गावी गेला त्याचे तेवढे दिवस खाडे. खाड्याचे पैसे नाहीत.

अर्थशास्त्राच्या सरांना आमच्या मेसचा फार उपयोग. सीमांत खर्च शिकवायची वेळ आली तेव्हा ते पुस्तक न उघडता म्हणाले, "सेक्रेटरी कोण आहे या महिन्याचा? वही आण." फळ्यावर त्यांनी दोन रकाने पाडले. एक स्थिर खर्च : आचाऱ्याचा पगार ९० रुपये, मदतनीस ४०, भांडीवाल्या मावशी ३०, दिवाबत्ती आणि भांड्यांचं भाडं २०. एकूण १८० रुपये. चाळीस जण जेवा नाहीतर दहा जेवा, हे १८० ठरलेले. दुसरा बदलता खर्च : धान्य, तेल, भाजी, दूध. तो माणशी दिवसाला एक रुपया पडायचा.

"आता सांगा," सर म्हणाले, "पाहुण्याचं ताट ५५ पैशांना विकलं तर मेसला नफा की तोटा?"

आम्ही एकतीस दिवसांचा महिना धरून भागाकार केला. ४० जणांचे १२४० दिवस, खर्च १४२० रुपये, दिवसाचा दर एक रुपया साडेचौदा पैसे, एका वेळचे सव्वासत्तावन्न. "तोटा, सर! सव्वादोन पैसे."

"नीट बघा. पाहुणा आला म्हणून आचाऱ्याचा पगार वाढला का?"

नाही वाढला. पाहुण्याच्या ताटाला मेसचे जास्तीचे पन्नासच पैसे गेले. म्हणजे पाच पैसे नफा. सरासरी एक सांगते आणि सीमांत दुसरंच सांगतं, हे त्या दिवशी चाळीस जणांच्या डोक्यात एकदम शिरलं, कारण ताट आमचं होतं. सर म्हणायचे, अर्थशास्त्रात हे विचार रुजवणारा मार्शल मुळात गणिती होता, केंब्रिजचा १८६५ सालचा सेकंड रँग्लर. आपल्या रँग्लर परांजप्यांमुळे रँग्लर म्हणजे काय ते आम्हाला ठाऊक होतं. पण त्या मार्शलनंच आपल्या मोठ्या ग्रंथात गणित परिशिष्टात टाकलं आणि आकृत्या तळटीपांत ठेवल्या. का? तर वाचणाऱ्याला आधी माणसांचा व्यवहार दिसावा म्हणून. सरांचं हे आवडतं पालुपद होतं.

डिसेंबरचा सेक्रेटरी मी होतो.

११ डिसेंबर १९६७. सोमवार. पहाटे चार वाजून गेले होते. खाटांसकट आम्ही हललो. कराडलाच एवढं, तर वर कोयनेला काय झालं असेल, हे कुणी बोललं नाही, पण आम्ही पाटण तालुक्याची पोरं एकमेकांकडे बघतच कपडे घालत होतो. मेसमध्ये आम्ही चौदा जण होतो. मेसची वही आणि पेटीची किल्ली मी एका मित्राच्या हातात दिली आणि मिळेल त्या गाडीनं निघालो.

त्या भूकंपाविषयी पुष्कळ लिहिलं गेलं आहे. साडेसहाच्या आसपासचा धक्का. कोयनानगर जवळजवळ बसलंच. पावणेदोनशेच्या वर माणसं गेली, दोन हजारांहून जास्त जखमी झाली. धरण राहिलं. आमच्या घराची मागची भिंत बसली होती आणि कौलं सगळी अंगणात. माणसं वाचली. पुढचे कितीतरी दिवस जमीन अधूनमधून हलायची. सबंध आळी शेतात तट्ट्याच्या आडोशाला झोपायची. डिसेंबरची थंडी. मी महिनाभर कौलं वेचली, दगड उचलले. कॉलेज, मेस, मार्शल, सगळं कुठंतरी पार पलीकडे गेलं होतं.

जानेवारीत परत आलो. मित्रानं वही व्यवस्थित ठेवली होती. मी बिलं काढायला बसलो.

मागं राहिलेले २६ जण, त्यांचे एकतीस-एकतीस दिवस : ८०६. आम्ही चौदा जण, दहा-दहा दिवस : १४०. एकूण ९४६ दिवस. बदलता खर्च ९४६ रुपये, स्थिर १८०. एकूण ११२६. भागलं. दिवसाचा दर १ रुपया १९ पैसे. आम्हा चौदांना प्रत्येकी ११ रुपये ९० पैसे, राहिलेल्यांना ३६ रुपये ८९ पैसे. बेरीज केली तर २६ पैसे कमी पडत होते. राहिलेल्या सव्वीस जणांवर एकेक पैसा चढवला, ३६ रुपये ९० पैसे केले. मेळ बसला.

नेहमीच्या एकतीस दिवसांच्या महिन्यात बिल यायचं ३५ रुपये ५० पैसे. म्हणजे राहिलेल्या प्रत्येकावर एक रुपया चाळीस पैसे जास्त पडले होते. एका दिवसाच्या जेवणाहून जास्त. मला ते दिसलं. सरांचे ते दोन रकाने माझ्या डोळ्यांसमोरून हलत नव्हते. आचारी चाळीस जणांनी मिळून ठेवला होता, आणि आमच्या वाटचा त्याचा पगार ते सव्वीस जण भरत होते. स्थिर खर्च वेगळा काढला असता तर माझं बिल साडेचौदा रुपये आलं असतं. मला, आणि माझ्या गावाकडच्या प्रत्येकाला, दोन रुपये साठ पैसे वाचत होते.

मी काय केलं? मी फक्त दर लिहिला. नोटीस बोर्डावर लावला. रीत जुनीच होती, मी कुठलाही आकडा खोटा लिहिला नव्हता. पण जे दिसलं होतं ते बोललो नाही.

दोन दिवसांनी मेसची सभा झाली. आटपाडीकडचा एक मुलगा होता, अबोल, 'कमवा आणि शिका'मध्ये बागेत काम करणारा. तो उठला आणि म्हणाला, "दर का वाढला ते सेक्रेटरीनं फळ्यावर मांडून दाखवावं." सर कोपऱ्यात बसले होते. त्यांनी खडू माझ्यापुढे धरला.

मी दोन रकाने पाडले. हात कापत होता हे आजही सांगतो. मांडून झाल्यावर खोलीत सगळ्यांना सगळं कळलं. चौदा जणांचे वाचलेले दोन रुपये साठ, सव्वीस जणांवर चढलेले एक रुपया चाळीस. दोन्हीकडून बेरीज एकच : ३६ रुपये ४० पैसे.

मग बोलणी सुरू झाली. कुणी म्हणालं, आचाऱ्याचं काम कमी झालं होतं, त्याचाच पगार कापा. आचारीमामा दारातच उभे होते. कुणी त्यांच्याकडे बघेना. ती सूचना तिथंच विरली. कुणी म्हणालं, स्थिर खर्च तो स्थिर खर्च, सगळ्यांनी सारखा भरावा, सरांनीच शिकवलंय. आमच्यातलाच एक जण ताडकन उठला, "घर पडलं तवा आमी मेसला इचारून जायाचं व्हतं काय?" आवाज चढले.

सरांना कुणीतरी विचारलं, "सर, बरोबर कुठलं?"

सर म्हणाले, "बेरीज दोन्हीची बरोबर आहे. छत्तीस रुपये चाळीस पैसे किती, ते गणितानं सांगितलं. ते कुणी सोसायचे हे तुम्ही ठरवा. मात्र आता माहीत असून ठरवा."

पुन्हा तो आटपाडीचा मुलगाच उठला. म्हणाला, "माझं म्हणणं पैशाबद्दल नव्हतंच. एक रुपया चाळीस मी देतो. पण मी देतोय हे मला कळू द्यायचं होतं. नुसता दर वाढला म्हणून लावलंत, तर ते माझ्याकडून नेल्यासारखं झालं."

हात वर झाले. डिसेंबरपुरती जुनी रीत ठेवायची आणि खाडे संपूर्ण माफ, असं त्या सव्वीस जणांनी ठरवलं. जानेवारीपासून स्थिर खर्च सगळ्यांवर सारखा, आणि फक्त जेवणाचे खाडे वजा. चौदांतल्या एकानं तरीही आपले दोन रुपये साठ पैसे टेबलावर ठेवले. मी ठेवले नाहीत. खिशात नव्हते हे खरं आहे, पण नंतर आले तेव्हाही दिले नाहीत हेही खरं आहे.

पुढे मास्तर झालो. विषय इतिहास आणि मराठी. पण खेड्यातल्या शाळेत गणिताच्या शिक्षकाची जागा रिकामी राहिली की अर्थशास्त्र घेऊन बी.ए. झालेला माणूस मुख्याध्यापकांना गणितीच वाटतो. १९७८-७९ साली माझ्याकडे आठवीचं गणित आलं. शेकडेवारीवर सगळी पोरं अडलेली. मला मेसची वही आठवली. मुलांना म्हटलं, आपण दुकान काढू. साठ मुलांनी एकेक रुपया घातला. साठ रुपयांच्या भांडवलावर कराडहून घाऊक वह्या, पेनं, कंपासपेट्या आणायच्या, विकायच्या, पुन्हा आणायच्या. वर्गातल्याच पोरांनी पाळीपाळीनं दुकान सांभाळायचं, कीर्द-खतावणी लिहायची. नियम एकच, आणि तो मी घातला होता : दर शनिवारी हिशेब फळ्यावर मांडायचा. वहीत नाही. फळ्यावर. सगळ्यांसमोर.

शेकडेवारी तीन महिन्यांत आली. उसाच्या पट्ट्यातली पोरं, त्यामुळे ती स्वतःहूनच कारखान्याचा साखर उतारा विचारायला लागली. शंभर किलो उसाला अकरा किलो साखर म्हणजे अकरा टक्के, हे त्यांना पुस्तकातल्या नळ-हौदापेक्षा लवकर कळलं.

वर्षअखेरीला विक्री ९६० रुपये झाली होती आणि नफा ४८ रुपये. साठ जणांत वाटले तर प्रत्येकी ८० पैसे. मी मुलांना इंग्लंडमधल्या रॉचडेलची गोष्ट सांगितली. १८४४ साली तिथल्या २८ कामगारांनी सहकारी दुकान काढलं आणि नफा ज्यानं जेवढी खरेदी केली त्या प्रमाणात परत दिला. त्या हिशेबानं आपल्याकडे रुपयाला पाच पैसे येतात. ज्यानं चाळीस रुपयांची खरेदी केली त्याला दोन रुपये, आणि ज्यानं सहा रुपयांची केली त्याला तीस पैसे.

वरच्या वाडीवरून चालत येणारी एक मुलगी होती. तिची वर्षाची खरेदी सहाच रुपयांची. जुन्या वह्यांची कोरी पानं शिवून ती नवी वही करायची. ती म्हणाली, "ज्याच्याकडं पैसा हाय त्यालाच परत जास्त. ह्यो कसला न्याय, सर?"

वर्ग गप्प झाला. मलाही चटकन उत्तर सुचेना. ती मात्र फळ्याकडेच बघत उभी होती. मग हळूच म्हणाली, "न्हाई पण, सर... ही शिल्लक आली कुठनं? आमच्याकडनंच जास्त घेतलं म्हणून उरली. म्हंजे ह्यो नफा न्हाईच. ज्याचं जेवढं जास्त घेतलं, त्याचं तेवढं परत."

स्वतःचे पन्नास पैसे कमी करून घेऊन ती खाली बसली. गोखल्यांनी १९०२ साली जे विचारलं, तेच हिनं आठवीच्या वर्गात विचारलं. तिला गोखले ठाऊक नव्हते. मी त्या दिवशी वर्गात एवढंच म्हणालो, "बरोबर आहे." याहून जास्त बोलायला हवं होतं, असं नंतर फार वाटलं.

वाटणी तिच्या म्हणण्याप्रमाणेच झाली. ज्यांना रुपयाच्या वर मिळाले, त्यांतल्या काहींनी मिळून दुकानातल्या थोड्या वह्या तिच्यासारख्या चार-पाच जणांसाठी बाजूला ठेवल्या. ते मी सुचवलेलं नव्हतं. ते कुठल्या सूत्रातही बसत नव्हतं.

मी २००८ साली निवृत्त झालो. इतकी वर्षं शिकवूनसुद्धा सूत्राचं उत्तर कुठं संपतं आणि आपलं काम कुठं सुरू होतं, हे मला नीट कळलं ते या दोनच वेळी. एकदा खडू माझ्या हातात होता आणि शिकवणारं दुसरंच कुणी होतं. दुसऱ्यांदाही तेच.

दोन दिवसांनी ठरल्याप्रमाणे मी नातीला फोन लावला.

"सापडलं का सूत्र, आबा?"

म्हटलं, "सूत्रं तुमच्याकडे दोन आहेतच, आणि दोन्ही बरोबर आहेत. मला एक सांग, जी आजारी होती तिला हे दोन्ही हिशेब दाखवलेत का?"

फोनवर थोडा वेळ काहीच आवाज नाही.

"नाही... म्हणजे आम्ही चौघीच बोलत होतो. तिला वाईट वाटेल म्हणून."

"मलाही असंच वाटलं होतं एकदा," मी म्हटलं. "पाची जणी बसा. दोन्ही हिशेब कागदावर मांडा. स्टॉलसाठी सगळ्यांनी सारखे पैसे घातले होते, तेही लिहा. दोन दिवस तिचं काम कुणी केलं, तेही लिहा. मग काय ठरेल ते ठरू दे."

"आणि सरांनी विचारलं, याला आधार काय, तर?"

"सांग, पाची जणींच्या सह्या आहेत."

ती हसली. उद्याच बसतो म्हणाली. काय ठरलं ते अजून कळलेलं नाही. कळलं की लिहीनच.

तुमच्या कॉलेजात अशी मेस होती का? आणि खाड्यांचं काय करायचात? आठवत असेल तर जरूर कळवा. आणि त्या आटपाडीच्या मित्राच्या ओळखीचं कुणी हे वाचत असेल, तर त्याला सांगा, दोन रुपये साठ पैसे अजून माझ्याकडे आहेत.